भाजल्याची वेळ : पहाटे ५.२०

८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे नाशिकमध्ये खासगी बस पेटली आणि बारा जणांचा जीव गेला. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत मृतांचा आकडा होता, जखमींचा आकडा होता, मदतीची रक्कम होती. जे वाचून रुग्णालयात पोहोचतात त्यांच्यापुढे काय वाढून ठेवलेलं असतं, ते मात्र बातमीत सहसा येत नाही. आग विझली म्हणजे भाजलेल्या माणसावरचं संकट टळलं, असं होत नाही. ते तिथून सुरू होतं आणि त्याचं वेळापत्रक बरंचसं ठरलेलं असतं. घसा साधारण कधी सुजणार, रक्तदाब कधी घसरू लागणार, जंतू कोणत्या दिवसापासून डोकं वर काढणार, हे जळीत कक्षातल्या अनुभवी सिस्टरला आधीच ठाऊक असतं. त्या प्रत्येक वळणावर संकटाच्या आधी पोहोचणं हे तिचं काम.

खालच्या घटनाक्रमात अपघाताचे तपशील त्या दिवसाचे आहेत. रुग्ण मात्र मानलेला आहे : वजन ६० किलो, अंग ३० टक्के भाजलेलं. त्या बसमधल्या कुणाही जखमीची ही कहाणी नाही. अशा जखमीसाठी वॉर्डात तासातासाला काय करायचं असतं, त्याचा हा हिशोब आहे.

शुक्रवार, ७ ऑक्टोबर : रात्र

यवतमाळहून निघालेली स्लीपर बस मुंबईकडे चालली होती. विदर्भातल्या माणसाला या रात्रीच्या गाड्यांची सवय असते. नोकरी, दवाखाना, परीक्षा, मुलाबाळांची भेट, काहीही असो, संध्याकाळी बसायचं आणि सकाळी मुंबईत उतरायचं.

अशा बसमध्ये दोन मजली बर्थ, मधून एक माणूस जेमतेम जाईल एवढी वाट, प्रत्येक बर्थला पडदा, खाली फोमची गादी, वर रेक्झिन. झोपायला हे सगळं सोयीचं आणि जळायलाही. फोम पेटला की धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर सायनाइडही असतं. स्लीपर बसला साधारण तीस ते छत्तीस बर्थ असतात. या अपघातातल्या मृतांची आणि जखमींची बेरीज पन्नासच्या पुढे गेली. गर्दीच्या बसमध्ये बाहेर पडायची वाट तेवढीच राहते, तिच्याकडे धावणारी माणसं वाढतात.

शनिवार, पहाटे ५.२०

औरंगाबाद रोडवरच्या मिरची हॉटेल चौकात ही बस आणि धुळ्याकडून पुण्याकडे निघालेला ट्रेलर यांची धडक झाली. वेळ पाच वाजून पंधरा ते वीस मिनिटांची. हिशोबासाठी ५.२० धरू. धडकेपाठोपाठ आग लागली. बहुतेक प्रवासी गाढ झोपेत होते. ज्यांना जाग आली, त्यांनी मिळेल त्या वाटेने बाहेर उड्या टाकल्या. पाहता पाहता बसचा सांगाडा उरला.

वैद्यकीय घड्याळ इथे सुरू होतं. केसपेपरवर ‘दाखल झाल्याची वेळ’ छापील रकान्यात असते, ती कुणी चुकवत नाही. ‘भाजल्याची वेळ’ मात्र विचारून लिहावी लागते. पुढचे सगळे हिशोब या दुसऱ्या वेळेवर चालतात.

५.२० ते ५.४० : पहिली वीस मिनिटं

या वीस मिनिटांत सिस्टर जवळ नसते, डॉक्टर नसतो. जे काही करायचं ते रस्त्यावरच्या माणसांनी. पेटलेल्या माणसाने पळू नये, वारा लागून ज्वाळा भडकते. त्याला खाली झोपवून लोळवायचं, घोंगडी किंवा जाड सुती चादर टाकून आग विझवायची. मग जळके कपडे काढायचे, पण जे कातडीला चिकटलंय ते ओढायचं नाही. आणि पाणी. नळाचं, टँकरचं, बाटलीचं, कोणतंही साधं स्वच्छ पाणी, शक्यतो वाहतं, वीस मिनिटं. भाजल्यानंतर तीन तासांपर्यंत या पाण्याचा उपयोग होतो, कारण ज्वाळा विझली तरी कातडीखालची उष्णता खोलवर जात असते.

याला एक अट आहे. अंगाचा मोठा भाग भाजला असेल, किंवा लहान मूल असेल, तर फार वेळ पाणी ओतत राहिलं की माणूस गारठतो आणि गारठलेल्या माणसाचं रक्त नीट गोठत नाही. अशा वेळी थोडा वेळ पाणी, मग स्वच्छ कोरडी चादर गुंडाळायची, वरून ब्लँकेट. बर्फ कधीच नाही. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप, बटाट्याचा कीस हेही नाही. लावणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण कॅज्युअल्टीत तो लेप खरवडून काढावा लागतो, त्याखाली जखम किती खोल आहे हे तोवर दिसत नाही आणि रुग्णाच्या वेदनेत भर पडते ती वेगळीच.

सकाळी ६ : कॅज्युअल्टी

जखमींना जिल्हा रुग्णालयात नेण्यात आलं. मिरची चौक शहराच्या एका टोकाला, रुग्णालय गोदावरीच्या पलीकडे त्र्यंबक रोडवर. एरवी पहाटेची कॅज्युअल्टी म्हणजे नाइट ड्यूटी संपत आलेली, हँडओव्हरची वही उघडलेली. अशा घडीला एकदम चाळीसहून अधिक जखमी दारात आले की पहिला प्रश्न असतो : आधी कोण?

जो मोठमोठ्याने ओरडतोय तो आधी, असं साधी माणुसकी सांगते. जळीत शुश्रूषेचं शास्त्र नेमकं उलट सांगतं. ओरडणाऱ्याची श्वासनलिका उघडी आहे, त्याच्या कातडीतल्या नसा शाबूत आहेत. कोपऱ्यात गप्प बसलेला, आवाज घोगरा झालेला, नाकाखाली काजळी असलेला माणूस आधी. बंद जागेतल्या आगीत सापडलेल्या प्रत्येकाच्या फुप्फुसात धूर गेलाय, असं धरून चालायचं.

सिस्टर विचारते, “दादा, नाव काय तुमचं? गाव कोणतं?” रजिस्टरसाठी हे लागतंच, पण ती ऐकत असते आवाज. घोगरेपणा आहे का, वाक्य एका दमात पुरं होतं का, श्वास घेताना शिट्टी वाजते का. तोवर नजर फिरते : नाकातले केस जळलेत का, भुवया होरपळल्यात का, थुंकीत काजळी आहे का. यातलं काही दिसलं की डॉक्टरांना लगेच हाक. स्वरयंत्राजवळची सूज पुढच्या काही तासांत वाढतच जाते. आत्ता श्वासाची नळी सहज जाते. उशीर झाला की तीच नळी घालायला जागा उरत नाही आणि गळ्याला छेद द्यायची पाळी येते.

बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ‘९९’ दाखवतो, म्हणून निश्चिंत राहण्यासारखं नसतं. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो आणि साध्या ऑक्सिमीटरला या दोहोंतला फरक कळत नाही. म्हणून धुरातून आलेल्या माणसाला आकडा कितीही चांगला दिसो, पिशवीच्या मास्कने पूर्ण ऑक्सिजन. साध्या हवेत रक्तातला हा विषारी वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, पूर्ण ऑक्सिजनवर तास-दीड तास.

१९४२ साली अमेरिकेत बोस्टन शहरातल्या कोकोनट ग्रोव्ह नाइट क्लबला आग लागून ४९२ माणसं मेली. दारं अडकलेली, गर्दी क्षमतेबाहेर. त्यातले कित्येक जण फारसे भाजलेलेच नव्हते, त्यांचा जीव धुराने घेतला. भाजलेल्या माणसाची कातडी बघण्याआधी श्वास बघायचा, हा धडा त्या रात्रीनंतर जगाने पक्का केला.

सकाळी ६.३० : बांगड्या, वजन, टक्के

मावशी कात्री घेऊन कपडे कापतात. पाठोपाठ अंगठ्या, बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र, कमरेचा करदोटा, मनगटाचा गंडा. बाई म्हणते, “सिस्टर, बांगडी नका फोडू.” सिस्टर समजूत घालते, पण थांबत नाही. तासाभरात हात सुजणार आहे. मग तीच बांगडी मनगटाचा रक्तपुरवठा तोडते. काढलेला प्रत्येक दागिना नोंदवून, साक्षीदाराच्या सहीने नातेवाइकाच्या हाती द्यायचा. जळीत रुग्ण म्हणजे एमएलसी, म्हणजे पोलिसांत नोंद होणारी केस. इथे कागद कच्चा ठेवून चालत नाही.

मग वजन. उद्यापर्यंत सुजेचं पाणी साठून वजन कित्येक किलोंनी वाढलेलं असेल आणि औषधाचा, सलाईनचा सगळा हिशोब मूळ वजनावर असतो. म्हणून वजन आत्ताच घ्यायचं. जमत नसेल तर विचारून लिहायचं.

बाहेर नातेवाईक एकच विचारत असतात, “किती टक्के?” हे टक्के मोजायची रीत १९५१ साली वॉलेस यांनी मांडली, तिला नऊचा नियम म्हणतात. डोकं आणि मान ९, एकेक हात ९, छाती-पोट १८, पाठ १८, एकेक पाय १८, गुप्तांग १. तुकड्यातुकड्याने भाजलं असेल तर रुग्णाचाच तळहात, बोटांसह, म्हणजे साधारण १ टक्का. लहान मुलाचं डोकं मोठं आणि पाय आखूड, म्हणून वर्षाच्या आतल्या बाळाचं डोकं १८ आणि एकेक पाय १४ च्या आसपास धरतात. नुसती लाल झालेली, फोड न आलेली कातडी मोजायची नाही. आणि मोजण्याआधी काजळी पुसायची. काळी दिसणारी कातडी दर वेळी जळलेली असतेच असं नाही.

मग खोली. फोड, खाली ओलसर गुलाबी, हात लावला तर ठणका : जखम वरच्या थरातली आहे. पांढरट किंवा तपकिरी, चामड्यासारखी कडक, टोचलं तरी कळत नाही : खोलवर गेली आहे. घरच्यांना वाटतं, दुखत नाही म्हणजे बरं आहे. जिथे दुखत नाही तिथे नसाही जळाल्यात, हे त्यांना नीट समजावून सांगावं लागतं.

नुसत्या टक्क्यांवरून कुणाचं भवितव्य सांगता येत नाही. जगभर वापरला जाणारा एक सोपा आडाखा आहे : वय अधिक भाजल्याचे टक्के, धूर आत गेला असेल तर आणखी १७. तिशीतल्या माणसाचे तीस टक्के म्हणजे ६०. सत्तरीतल्या आजोबांचे तेच तीस टक्के म्हणजे १००, वर धूर असेल तर ११७. बेरीज वाढत जाते तसा धोका वाढत जातो. हा आडाखा तयारीसाठी असतो, नातेवाइकांच्या तोंडावर फेकण्यासाठी नाही.

सकाळी ७.२० : थेंबांचा हिशोब

भाजून दोन तास झाले. रुग्ण शुद्धीवर आहे, बोलतोय, घरी फोन लावून द्या म्हणतोय. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हा तर सुटला. जळीत कक्षात सगळ्यात फसवा काळ हाच. आत केशवाहिन्यांच्या भिंती झिरपू लागल्या आहेत. रक्तातलं पाणी, क्षार, प्रथिनं रक्तवाहिन्या सोडून ऊतींमध्ये चाललीत. वेळीच भरपाई झाली नाही तर काही तासांत रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडं बंद पडतात.

शंभर वर्षांपूर्वी डॉक्टरांना वाटायचं, जळलेल्या कातडीतून काही विष रक्तात उतरतं आणि त्याने माणूस मरतो. १९२१ साली अमेरिकेत न्यू हेवन इथल्या रिआल्टो थिएटरला आग लागली. तिथल्या जखमींच्या फोडांतलं पाणी फ्रँक अंडरहिल यांनी तपासलं, तर ते रक्तद्रवाशी मिळतंजुळतं निघालं. माणूस पाण्यावाचून मरतोय, हे तिथून लक्षात आलं. पुढे १९६८ साली डॅलसच्या पार्कलँड रुग्णालयात चार्ल्स बॅक्स्टर यांनी सूत्र बांधलं : वजन गुणिले टक्के गुणिले ४ मिली, एवढं रिंगर लॅक्टेट चोवीस तासांत. त्यातलं निम्मं पहिल्या आठ तासांत. नर्सिंगच्या विद्यार्थिनी आजही हे पाठ करतात. आठ तास कुठून मोजायचे, ते परीक्षेत बरोबर लिहितात आणि धावपळीत विसरतात.

आपल्या रुग्णाचा हिशोब मांडू. ६० गुणिले ३० गुणिले ४, म्हणजे ७,२०० मिली. निम्मे ३,६०० मिली पहिल्या आठ तासांत, आणि ते आठ तास ५.२० पासून, म्हणजे दुपारी १.२० ला संपणार. सलाईन सुरू होतंय ७.२० ला. हातात सहा तास. म्हणजे ताशी ६०० मिली. साध्या सेटमधून एका मिलीचे वीस थेंब पडतात, म्हणजे मिनिटाला २०० थेंब. ते डोळ्यांनी मोजताच येत नाहीत. म्हणून दोन्ही हातांना दोन जाड सुया, प्रत्येकीतून मिनिटाला शंभर थेंब. तेच आठ तास सलाईन सुरू झाल्याच्या वेळेपासून धरले, तर ताशी ४५० मिली जातील आणि १.२० ला रुग्ण ९०० मिलीने मागे असेल. जवळजवळ दोन बाटल्या. एका रिकाम्या रकान्याची ही किंमत.

आता यातही बदल झालाय. चारऐवजी दोन मिलीने सुरुवात करा आणि पुढे लघवी बघून कमी-जास्त करा, असं मोठ्या माणसांच्या बाबतीत सांगितलं जातं. विजेने भाजलेल्याला मात्र चारच. एरवी सुरुवात कमीने, कारण पाणी जास्त झालं तरी फुप्फुसात आणि पोटात साठून जीव घेतं. सूत्राने फक्त सुरुवात होते, पुढचा निकाल युरिन बॅगवर.

सकाळी ९ : युरिन बॅग

दर तासाला सिस्टर वाकून बॅगेवरची रेघ वाचते. मोठ्या माणसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे ताशी अर्धा मिली, म्हणजे या रुग्णाला निदान ३० मिली. लहान मुलाला किलोमागे एक मिली. कमी आली तर थेंब वाढवायचे, फार जास्त येऊ लागली तर कमी करायचे. लघवी चहाच्या रंगाची दिसली तर लगेच डॉक्टरांना कळवायचं. स्नायू जळाल्याची ती खूण, विजेने भाजलेल्यांत नेहमी दिसणारी. तिथे उद्दिष्ट दुप्पट-तिप्पट होतं.

रुग्ण पाणी मागत राहतो. “सिस्टर, घोटभर तरी द्या.” मोठ्या जळितात पोटाची हालचाल मंदावलेली असते. भसाभसा पाणी प्यायला की उलटी होते आणि ती फुप्फुसात जाऊ शकते. ओठ ओले करायचे, डॉक्टरांना विचारून घोटभर द्यायचं, आणि का नाही देत ते सांगायचं. न सांगता नाही म्हटलं की रुग्णाचा वॉर्डावरचा विश्वास उडतो.

वेदनेचं औषध शिरेतूनच, थोडं थोडं, मॉर्फिन किंवा फेंटानिल. सुजलेल्या शरीरात दंडावर किंवा कमरेत टोचलेलं औषध जागीच पडून राहतं. आत्ता गुण येत नाही, उद्या रक्तप्रवाह सुधारला की सगळं एकदम चढतं. धनुर्वाताची लस तेवढी दंडात द्यायची. प्रतिजैविकं मात्र केवळ भाजलं म्हणून सरसकट सुरू करायची नाहीत.

दुपार

तोवर शहरभर बातमी पसरली होती. पंतप्रधान निधीतून मृतांच्या वारसांना दोन लाख आणि जखमींना पन्नास हजार, राज्याकडून मृतांच्या वारसांना पाच लाख, अशा घोषणा झाल्या. मुख्यमंत्री एकनाथ शिंदे नाशिकला आले, जखमींना भेटले, उपचाराचा खर्च सरकार करेल असं सांगितलं. त्याच दिवशी नाशिक जिल्ह्यातच सप्तशृंगी गडाच्या वाटेवर आणखी एक बस पेटली. त्या बसमधले प्रवासी वेळीच उतरले आणि वाचले.

दुपारी १.२० ला पहिले आठ तास पूर्ण. उरलेलं निम्मं सलाईन पुढच्या सोळा तासांत, म्हणजे गती उतरवायची. ड्यूटी बदलते ती साधारण याच सुमाराला. सकाळच्या सिस्टरने दुपारच्या सिस्टरला तीन आकडे तोंडी आणि लेखी द्यायचे : भाजल्याची वेळ, आतापर्यंत किती गेलं, लघवी किती आली. हँडओव्हरमध्ये यातला एक जरी राहिला तरी सकाळची सगळी मेहनत वाया जाऊ शकते.

संध्याकाळी ६ : हाताची नाडी

हाताला किंवा पायाला गोलाकार भाजलं असेल तर आता धोक्याची वेळ आली. जळलेली कातडी कडक, ती ताणत नाही. आत सूज वाढतेय. दाब वाढत वाढत रक्तवाहिन्या मिटू लागतात. सिस्टर तासातासाला बोटं बघते : गार आहेत का, निळसर आहेत का, मुंग्या येतात का, नख दाबून सोडल्यावर लाली परत यायला वेळ लागतो का, नाडी लागते का. हात उशांवर उंच ठेवलेला असतो. शंका आली की शल्यविशारद त्या कडक कातडीला लांब छेद देऊन दाब मोकळा करतात. छातीला गोलाकार भाजलं असेल तर तीच कडक कातडी श्वास अडवते. उशीर झालेला हात पुढे कापावा लागतो, म्हणून रात्रपाळीतही नाडी बघणं चुकवायचं नाही.

रविवार, पहाटे ५.२० : चोवीस तास

केशवाहिन्यांची गळती आता हळूहळू थांबायला लागते. पहिलं युद्ध जिंकलं, दुसरं सुरू : भूक. मोठं भाजलेलं शरीर स्वतःलाच जाळायला लागतं. जुना हिशोब असा : किलोमागे २५ कॅलरी, अधिक प्रत्येक टक्क्यामागे ४०. आपल्या रुग्णाला २,७०० कॅलरी. प्रथिनं किलोमागे दीड ते दोन ग्रॅम, म्हणजे दिवसाला निदान ९० ग्रॅम. अंड्यात मोजलं तर पंधरा अंडी. एवढं तोंडाने जाणं अशक्य, म्हणून नाकातून पोटात नळी आणि पहिल्या दिवसापासूनच थोडं थोडं अन्न. पोटात अन्न पडत राहिलं की आतड्याचं अस्तर टिकतं, व्रण टळतात.

मंगळवार, ११ ऑक्टोबर : बहात्तर तास

धुराने होरपळलेली फुप्फुसं आपलं खरं रूप याच सुमाराला दाखवतात. काजळीमिश्रित कफ, न्यूमोनिया, दम. रुग्णाला बसतं करायचं, छाती थोपटायची, कफ काढायला लावायचं. दुसरीकडे जखमेवर जंतू पोहोचलेले असतात. ड्रेसिंग उघडताच हिरवट झाक दिसते किंवा गोडसर वास येतो, तेव्हा प्रयोगशाळेच्या अहवालाआधी सिस्टरला स्यूडोमोनास हा जंतू कळलेला असतो. ताप, गुंगी, साखर अचानक वाढणं, अन्न न पचणं, या जंतू रक्तात गेल्याच्या पहिल्या खुणा. पहिले तीन दिवस काढलेले बरेच रुग्ण पुढच्या दोन आठवड्यांत जातात ते यामुळे. त्यावर सगळ्यात स्वस्त इलाज म्हणजे दोन खाटांच्या मध्ये धुतलेले हात. भेटायला येणाऱ्यांची गर्दी दारातच थांबवणं हा दुसरा.

ड्रेसिंगला बहुतेक ठिकाणी सिल्व्हर सल्फाडायझिनचं पांढरं मलम असतं. पण महाराष्ट्राने यात स्वतःची भर घातली आहे. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी जखमेवर निर्जंतुक केलेलं केळीचं पान वापरून पाहिलं आणि २००३ साली त्याचे निष्कर्ष जळीतशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आले. पान स्वस्त, गुळगुळीत, जखमेला न चिकटणारं. ड्रेसिंग बदलताना रुग्ण किंचाळत नाही, हा त्याचा मोठा गुण. ही पानं निर्जंतुक करून रुग्णालयात वापरायची आहेत. घरी परसातलं पान तोडून लावायचं नाही.

खोल जखम आपोआप भरत नाही, तिला कातडी लावावी लागते. रुग्णाची स्वतःची पुरत नसेल तर दान केलेली. सायनला त्वचा पेढी आहे, ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये आहे. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत मांडी, पाय आणि पाठीवरचा पातळ थर घेतात. रक्तगट जुळावा लागत नाही, देह विद्रूप होत नाही, ग्लिसरॉलमध्ये ही त्वचा पाच वर्षांपर्यंत टिकते. ती रुग्णाच्या अंगावर कायमची राहत नाही, पण स्वतःची कातडी येईपर्यंत पाणी आणि जंतू दोन्ही रोखून धरते.

पुढचे महिने

कातडी भरली की ती आकसायला लागते. मान भाजलेल्याच्या डोक्याखाली उशी द्यायची नाही, हनुवटी छातीला चिकटते. काखेत भाजलं असेल तर हात अंगापासून लांब, बोटं वेगवेगळी गुंडाळलेली. रुग्णाला आरामदायक वाटते तीच स्थिती नेमकी आखडण्याची असते, म्हणून सिस्टरला इथे थोडं वाईट व्हावं लागतं. दाब देणारे घट्ट कपडे वर्षभर. आणि आरशाची भीती, झोपेत आग दिसणं, बसमध्ये चढायला पाय न उचलणं. त्याचाही इलाज असतो, पण घरी सोडताना दिलेल्या कार्डावर तो क्वचितच लिहिलेला असतो.

हिशोब

नाशिकच्या घटनेनंतर नऊ महिनेही झाले नव्हते, तोवर १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ विदर्भातूनच निघालेली खासगी बस पेटली आणि २५ जण गेले. दर वेळी चौकशी होते, मदत जाहीर होते. चौकशीत वाहनाचा वेग मोजला जातो, रस्त्याचं वळण मोजलं जातं. जखमीला पाणी किती मिनिटांनी मिळालं, ऑक्सिजन किती मिनिटांनी लागला, सलाईन कोणत्या वेळेपासून मोजलं, हेही त्याच चौकशीत मोजलं गेलं पाहिजे. प्रत्येक जिल्ह्यात जळीत कक्ष असणं एवढ्याने भागत नाही. तिथे चोवीस तास जळीत शुश्रूषेचं प्रशिक्षण घेतलेल्या पुरेशा सिस्टर हव्यात. एका सिस्टरकडे दहा खाटा असतील तर तासातासाला नाडी आणि लघवी कोण बघणार?

वाचकाने करायच्या गोष्टी मोजक्या आहेत. रात्रीच्या बसमध्ये चढल्यावर झोपण्याआधी आपत्कालीन दार आणि काच फोडायची हातोडी कुठे आहे ते बघा, नसेल तर विचारा. कुणी भाजलं तर वीस मिनिटं साधं पाणी, दुसरं काही नाही, आणि १०८. घरात कुणाचं निधन झालं तर नेत्रदानाबरोबर त्वचादानाचाही फोन करा. आणि भाजलेल्या माणसाला रुग्णवाहिकेत चढवताना सोबत जाणाऱ्याला किती वाजता भाजलं ते सांगा, जमलं तर कागदावर लिहून द्या. वॉर्डातली सिस्टर पहिला प्रश्न तोच विचारणार आहे.